गाणं घेतलंत, पण काम राहिलं की!

गेल्या अंकात आम्ही आवाहन केलं होतं की आपापल्या भागातल्या लोकपरंपरा, जुने व्यवसाय, कष्टाची कामं यांची नोंद घरच्या घरी कशी ठेवता येईल यावर प्रश्न पाठवा. आले, धो धो आले. सगळे घेणं शक्य नाही, त्यातल्या त्यात जे परत परत आले ते घेतलेत. नावं मुद्दामच छापत नाही, बऱ्याच जणांनी घरातलं लिहिलंय, त्यामुळे फक्त जिल्हा.

प्रश्न : माझी आजी ८० च्या पुढे आहे, तिला खूप ओव्या येतात असं सगळे म्हणतात. मी मोबाईल समोर ठेवून म्हण म्हणतो तर ती चार-पाच म्हणते आणि "आता न्हाय आठवत बाबा" म्हणून उठून जाते. काय करू? (सातारा)

आजीला आठवतंय हो सगळं, तुम्ही तिला खुर्चीत बसवलंय तिथे गडबड झालीय. ओवी चालते ती जात्याच्या लयीवर. दोघी समोरासमोर बसल्या, खुंटा दोघींच्या हातात, एकीनं ओळ धरली की दुसरी उचलणार, मधेच एकीचा हात वैरण (म्हणजे जात्यात मूठभर धान्य) घालायला सुटतो, जिथे जोर लागतो तिथे दम तुटतो आणि तीच ओळ पुन्हा फिरून येते, आणि ती फिरून येते तेवढ्या वेळात पुढची ओळ सुचते. हे सगळं काढून घेतलंत आणि नुसतं "म्हण" म्हणालात तर पाचव्या ओवीला गाडी अडणारच ना.

तर आधी जातं शोधा. बहुतेक घरांत ते आता लग्नात हळकुंड बांधण्यापुरतं उरलंय, नाहीतर परसात उलटं पडलंय. पाळ्या (जात्याचे दोन दगड) झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर दळण नीट होणार नाही, टाकी लावून देणारे पाथरवट पूर्वी दारावर यायचे, आता शोधावे लागतील, पण तेवढ्यासाठी अडून बसू नका, हरभऱ्याची डाळ भरडायला घ्या, बाजरी-ज्वारीपेक्षा सोपं जातं आणि आजीला झेपेल. आणि एकटीला बसवू नका. तिची जाऊ असेल, शेजारची तिच्या वयाची कोणी असेल, तिला बोलवा. मोबाईल बाजूला कापडावर ठेवून द्या आणि तुम्ही स्वतः जरा लांब बसा, नातू डोळे लावून बसला की म्हाताऱ्या माणसाला परीक्षेला बसल्यासारखं होतं. मधे खोकला आला, कोणी दारावर आलं, दोघी हसत सुटल्या, चालू द्या, बंद करू नका.

आता खरं काम. ओव्या झाल्या की लगेच उठू नका, तिला विचारा की हा गळा कुठला. ओवीच्या चालीला बायका गळा म्हणतात आणि तो बऱ्याचदा माहेराहून आलेला असतो, आईचा नाहीतर आत्याचा. मग विचारा की पहाटे किती वाजता बसायचात, किती माणसांचं दळण असायचं, सासू कोणती पायली मोजून द्यायची, बाळंतपणानंतर किती दिवसांनी परत जात्यावर बसवलं, गावात पिठाची गिरणी कोणत्या साली आली आणि ती आल्यावर पहिल्यांदा दळण घेऊन कोण गेलं. ही शेवटची गोष्ट फार कोणी विचारत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे, कारण गिरणी आली आणि ओव्या थांबल्या हे सगळे एका वाक्यात सांगतात, पण एका घरात ते नेमकं कसं घडलं हे फक्त तुमच्या आजीलाच माहिती.

हे सगळं नवीन नाहीये. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांसोबत काम करताना ओव्या गोळा करायला सुरुवात केली, पुढे बर्नार्ड बेल यांनी आवाज रेकॉर्ड करायला मदत केली, आणि आज त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, हजाराहून जास्त गावांमधल्या. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव ठेवलंय, नुसतं "पारंपरिक" लिहून मोकळे झाले नाहीत. हा संग्रह आता 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साइटवर वाचता-ऐकता येतो. आजीला तिथलं दोन-चार ऐकवा, ती लगेच म्हणेल की असं नाही, आमच्यात असं म्हणतात, आणि झाली की सुरुवात.

एकच सांभाळा. ओव्यांमध्ये सासू येते, नवरा येतो, गेलेलं लेकरू येतं. सगळ्या घरादारासमोर स्पीकरवर लावण्याआधी आजीला विचारा, यातली कुठली कोणाला ऐकवू आणि कुठली तुझ्यामाझ्यातच ठेवू.

प्रश्न : आमच्या गावात लोककला वगैरे काही शिल्लक नाही. निम्मं गाव दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातं ते उन्हाळ्यातच परत येतं. आम्ही काय नोंदवायचं? (बीड)

अहो, निम्मं गाव जातं हीच नोंद! लोकपरंपरा म्हटलं की आपल्या डोक्यात ढोल-ताशे, नऊवारी आणि सरकारी महोत्सवाचं स्टेज येतं, हा त्या महोत्सवांचाच प्रताप आहे, तुमचा दोष नाही. पण ज्या गावाचं अख्खं वर्ष एका कामाभोवती फिरतं त्या गावाच्या चालीरीती त्या कामातच असणार ना.

उचल (आगाऊ पैसे) कधी घेतली, कोणी मोजून दिली, कागद झाला का तोंडीच, मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) गावातला का बाहेरचा, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात मग बायको आजारी पडली तर हिशोब कसा होतो, विधवा बाई असेल तर तिच्यासोबत कोयत्याला कोण लागतं. निघायच्या आदल्या दिवशी काय काय बांधतात त्याची यादी करा, अगदी चुलीपासून कोंबडीपर्यंत, एका कुटुंबाची पूर्ण यादी ही दहा भाषणांपेक्षा जास्त बोलते. कोणत्या देवाला नारळ फोडून गाडी हलते. फडाजवळ कोपी (राहायची झोपडी) कशी उभी करतात, दार कोणत्या बाजूला ठेवतात, पाणी किती लांबून आणावं लागतं. बाई पहाटे उठून भाकऱ्या करते, मग फडात पुरुषानं तोडलेला ऊस गोळा करून मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर ट्रॉलीत चढते, आणि रात्री अपरात्री गाडी भरायला आली की परत उठते. हे तिच्या तोंडून, तिच्या क्रमाने घ्या. मागे गावात म्हातारे आणि शाळेतली पोरं राहतात, त्यांचे ते महिने कसे जातात ते पण घ्या. गाणी असतील तर यातून आपोआप वर येतील, नसली तरी नोंद अर्धवट राहत नाही.

शहराकडचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचं गिरणगाव बघा. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, नंतर काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पण साचेखात्यात (कापड विणायच्या विभागात) कानठळ्या बसणाऱ्या आवाजात माणसं खाणाखुणांनी कशी बोलायची, बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतलेला) भोंग्याच्या आधी गेटवर का उभा राहायचा, जॉबरला (कामगारांवरच्या मुकादमाला) खूश का ठेवायला लागायचं, एका गावच्या लोकांचा एका खोलीत पाळीपाळीने मुक्काम आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे, हे सगळं आपल्यापर्यंत आलं कारण नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्यासारख्या लोकांनी कामगारांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे बसून ते बोलतं केलं. आणि गंमत बघा, अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचे पोवाडे, लावण्या याच वस्तीत वाढले. काम आधी, गाणं त्याच्या पोटात.

प्रश्न : मी कोळीवाड्यात दोन-तीनदा गेले, पण कोणालाच बोलायला वेळ नसतो. लोक टाळतात असं वाटतं. (रायगड)

टाळत नाहीत, तुम्ही चुकीच्या वेळी जाताय. जून-जुलैत जा. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि तांडेल (होडीचा प्रमुख), खलाशी सगळे जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं, यासारखी वेळ नाही. जाळ्याचं फाटलेलं भोक तो कसं कापून चौकोन करतो आणि मग पट्टीवर आस (जाळ्याचा डोळा) मोजत कसं भरतो त्याचा जवळून व्हिडिओ घ्या, आणि तो चालू असतानाच उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, कोणत्या तिथीला पाण्याला ओढ कशी असते ते विचारा, तिथीवर बोलायला लागला की तासभर थांबणार नाही.

बायकांचं मात्र वेगळं. मच्छी विकणाऱ्या बाईला बंदीतही सुट्टी नसते, सुकट-बोंबील असतंच. सकाळच्या बाजारात तिच्यापुढे माइक धरू नका, गिऱ्हाईक जातं तिचं. दुपारी जेवण उरकल्यावर घरी जा.

हेच धनगरांच्या वाड्याला, म्हणजे मेंढरांच्या तळाला लागू. मेंढरं चरायला गेली असताना रानात गाठून प्रश्न विचारायचे नाहीत, एक डोळा त्याचा मेंढरांवर असतो आणि असायलाच पाहिजे. संध्याकाळी वाड्यावर, पाणी-पाजणी झाल्यावर. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक होते, १९९२ मध्ये गेले, त्यांनी बिरोबा-खंडोबाच्या धनगरी ओव्या वर्षानुवर्षं याच लोकांमध्ये राहून नोंदवल्या. सुंबरान (देवाचं स्मरण करून धनगरी ओवी सुरू करणं) मांडलं की ओवी किती वेळ चालेल याचा नेम नाही, शेवटची बस पकडायची असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

प्रश्न : आमच्या भागात नंदीबैलवाले, वासुदेव, गारुडी येतात. मी त्यांचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकतो, चांगले व्ह्यूज येतात. एकानं पैसे मागितले. पारंपरिक गाणं आहे, त्यावर कोणाचा हक्क कसा काय? (पुणे)

गाणं कोणाचं हा प्रश्न अवघड आहे, मान्य, पण ते त्या दिवशी त्या चौकात म्हटलं कोणी? त्यानं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्ता म्हणजे कोण याची व्याख्या आहे आणि त्यात नट, गायक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडी यांची पण नावं आहेत. सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागावं असा हक्क पण त्यात आलाय. म्हणजे तुमचा गारुडी कायद्याच्या पुस्तकात कलावंत आहे, आणि दुसरीकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या टोपलीतला साप काढून घेतलाय. साप सोडले पाहिजेत यात वाद नाही, पण ही माणसं दोन्हीकडून कशी अडकलीत ते बघा, आणि तुम्ही त्याचा चेहरा, गाव आणि टोपली एका फ्रेममध्ये टाकून अपलोड करताय. उद्या कोणी तक्रार केली तर व्ह्यूज तुमचे आणि केस त्याच्यावर.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळून. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या नजरेतून शिक्का अजून गेलेला नाही. त्यामुळे पाल (त्यांचा तंबू) कुठे पडलंय, पुढचा मुक्काम कुठे, हे कधीच जाहीर टाकायचं नाही.

पैसे? द्या की. त्याची सकाळ तुम्ही घेतलीत. आधी ठरवून द्या, म्हणजे त्याला पण भीक वाटत नाही आणि तुम्हाला पण उपकार केल्यासारखं वाटत नाही. संमती त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करा, सही-अंगठ्याचा कागद पुढे केला की निम्मी माणसं बिचकतात: "माझं नाव अमुक, हे यूट्यूबवर टाकलं तर चालेल, नाव लावा / लावू नका." आणि नको म्हणाला तर डिलीट, तिथल्या तिथे, त्याच्यासमोर.

नाव लावण्याचं म्हणाल तर एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिनं १८६८ मध्ये दख्खनच्या लोककथांचं इंग्रजी पुस्तक काढलं, ते खूप गाजलं. कथा सांगितल्या होत्या तिच्याकडे आया म्हणून काम करणाऱ्या ॲना लिबराटा डिसूझा हिनं. मेरीबाईंचं कौतुक एवढ्यासाठी की तिनं ॲनाचं नाव लपवलं नाही, उलट ॲनाची स्वतःची कहाणी तिच्या शब्दांत पुस्तकात घातली. तरी मुखपृष्ठावर नाव फ्रिअरचंच. तुमच्या चॅनेलवर काय लिहिलंय ते एकदा बघा.

प्रश्न : आमच्या वडिलांनी तरुणपणी गावकीची कामं केली, हलगी वाजवली. मला ते सगळं लिहून ठेवायचंय पण विषय काढला की ते चिडतात, "ते घाण काम परत कशाला उकरतोस" म्हणतात. (लातूर)

चिडतात ते बरोबरच आहे. बलुतेदारीवर आपल्याकडे फार गोड गोड लिहिलं जातं, गाव कसं एकमेकांवर अवलंबून होतं वगैरे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ चं, कोणाला किती पेंढ्या, कोणाचं काय काम, हे त्यात इतकं बारकाईनं आलंय की आजही ते उघडावं लागतं, पण आत्रे महसूल खात्यातले अधिकारी होते, वरून बघत होते हे विसरून वाचायचं नाही. रात्रीअपरात्री सांगावा घेऊन पळणं, मेलेलं जनावर ओढणं, हे ज्याच्या अंगावर होतं त्याला त्यात परंपरा कशी दिसेल. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतनाच्या (पिढीजात गावकामाच्या) कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं होतं, आणि ही कनिष्ठ वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

त्यामुळे वडिलांना "कसं करायचात" विचारू नका. "सोडलं कसं" विचारून बघा. कोणत्या वर्षी, पहिल्यांदा नाही कोण म्हणालं, गावानं त्यावर काय केलं, किराणा-पाणी बंद झालं का, मग पोट कशावर चाललं, शहरात आधी कोण गेलं. काम सोडणं हा पण कामाच्या इतिहासाचाच भाग आहे आणि तो सांगताना माणूस ताठ बसतो. सोबत आंबेडकरी जलसे, भीमगीतं यांच्या आठवणी निघतील. मघाशी म्हटलं त्या ओव्यांच्या संग्रहात माजलगावच्या बायकांनी भीमरावांवर म्हटलेल्या ओव्या आहेत, जात्यावरच्या जुन्याच चालीत. त्या त्यांना ऐकवा.

तरी नाही म्हणाले तर नाही. तुम्ही तुमच्या पिढीचं लिहा, त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.

प्रश्न : रेकॉर्डिंग लिहून काढताना अहिराणी तशीच ठेवू का प्रमाण मराठीत करू? (जळगाव)

तशीच. एक अक्षर सुधारू नका. वाटलं तर खाली मराठी अर्थ द्या. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भाषा सर्वेक्षणात बोलीबोलींमधून बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वदवून घेतली होती, तुलना करायला ते सोयीचं, पण बोलणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य, शेत, बाजार त्यात कुठून येणार? तुम्ही त्यापेक्षा केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्याला, त्याच्याच अहिराणीत, त्याचा दिवस सांगू द्या. आणि वेळ काढून ठेवा, एक तासाचं बोलणं नीट लिहून काढायला पाच-सहा तास सहज जातात, बोली सवयीची नसेल तर दुप्पट.

प्रश्न : दशावताराचं रेकॉर्डिंग करायचंय, माइक कोणता घेऊ? (सिंधुदुर्ग)

माइकचं नंतर. आधी रंगपटात बसायची परवानगी मिळवा. समोरचं नाटक सगळेच काढतात, मोबाईल वर करून अख्खी जत्रा काढते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद नट तिथल्या तिथे रचतात, मग आज कोणतं आख्यान, कोणी काय करायचं हे नाटकाआधी दहा-पंधरा मिनिटांत ठरतं ना, ते कोणीच नोंदवत नाही. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, लुगडं नेसून स्त्रीपार्टी उभा राहतो, पहाटे रंग पुसून गाडीत बसतो आणि दिवसा दुसऱ्या गावच्या देवळात झोपतो. नाइट (एका रात्रीचे पैसे) किती मिळते, पावसाळ्यात तो काय करतो, शेती का मुंबईत नोकरी, घरचे काय म्हणतात, हे त्याला जत्रेच्या रात्री विचारू नका, पावसाळ्यात घरी जाऊन विचारा.

मोबाईल चालेल. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन युद्धात कोणाचा तरी फोन येणार. आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागते, रात्रभराच्या नाटकाला मेमरी आणि पॉवर बँक हिशोबानं न्या. मृदंगाच्या अगदी पुढ्यात बसू नका, संवाद बुडतो. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कंपनी, आख्यान, नटांची नावं बोलून ठेवा, कारण फाइलचं नाव बदललं तरी हे बदलत नाही. घरी आलात की त्याच दिवशी तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. एक प्रत कंपनीच्या मालकाला पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नुसता टाकू नका, दाबून बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.